स्वच्छ प्रत

हेडफोन लावून माणसाचं खाणं ऐकलं की तो आपल्याच कानात बसून खातोय असं वाटतं. सार्जंट लेझामा तोंड उघडं ठेवून खायचा. बाऱ्याचा, म्हणजे तळलेल्या मऊ पुरीचा, लगदा टाळूला चिकटून सुटला की चप् असा आवाज व्हायचा. मग चणे दाढांखाली फुटायचे, मग अंगठ्यावरची चिंचेची चटणी चोखली जायची, मग जीभ दातांमागे काहीतरी शोधत फिरायची. प्रश्न तो ह्या सगळ्याच्या मधून विचारायचा.

"गोदामाची मागची खिडकी तुला ठाऊक होती ना?" चप्. "ठाऊक होती ना, गार्विन?"

हे आवाज मी काढून टाकायचे. ते माझं कामच होतं.

सान फर्नांडोला चपलांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबांची रेकॉर्डिंगं आमच्याकडे येतात आणि आम्ही चौघीजणी ती ऐकून कागदावर उतरवतो. पायाखाली पेडल असतं. दाबलं की आवाज चालू होतो, पाय उचलला की थांबतो आणि आपोआप दोन सेकंद मागे जातो, म्हणजे पुन्हा सुरू करताना शब्द निसटत नाही. मी प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली. दीड वर्ष प्रयोगशाळांना अर्ज पाठवले आणि शेवटी इथे आले. ऑफिसात मला सगळ्या डॉक्टर म्हणतात. त्यात कौतुक थोडं आणि चिमटा जास्त.

आमच्या मालकीण मिसेस क्वामिना. त्यांनी स्वच्छ प्रतीचे नियम मोठ्या अक्षरात छापून, चौकट करून, दारासमोरच्या भिंतीवर लावले होते. फक्त शब्द लिहायचे. अडखळणं, खोकणं, हसणं, थांबणं, खुर्चीचा, दाराचा, आणखी कशाचाही आवाज लिहायचा नाही. वाचणाऱ्याला कुठेही ठेच लागता कामा नये. कोर्टात आमच्या प्रती सरळ, सुटसुटीत म्हणून नावाजल्या जायच्या आणि मलाही त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

गार्विन जोफील्डचं रेकॉर्डिंग आलं ते एका सोमवारी. प्रिन्सेस टाउनचं कापडाचं गोदाम जळालं होतं आणि आत झोपलेला म्हातारा राखणदार मेला होता. गार्विन तिथला हमाल, सव्वीस वर्षांचा, महिन्यापूर्वी भांडून काम सोडलेला. त्याला मंगळवारी सकाळी उचललं आणि जबाब घेतला बुधवारी संध्याकाळी. त्या खोलीतला कॅमेरा वर्षभर बिघडलेलाच होता, त्यामुळे नुसता आवाज. बावन्न मिनिटं. आग लावताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, कपड्यांवर काही सापडलेलं नव्हतं. होती ती एवढीच कबुली. म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य ह्या बावन्न मिनिटांवर अवलंबून होतं, आणि ती बावन्न मिनिटं कोर्टात माझ्या कागदावरून वाचली जाणार होती.

चौदाव्या मिनिटाला मला ते ऐकवेना. मी पाय उचलला, पाणी प्यायले, पुन्हा पेडल दाबलं. लेझामा बोटं चोखत होता. पुन्हा पाय उचलला. असं चार-पाचदा झालं, आणि दर वेळी ते यंत्र दोन सेकंद मागे जाऊन मला तोच तुकडा ऐकवत राहिलं. गार्विनचं "हो". मग कागदाची चुरचुर. मग टेबलावरून काहीतरी घसरत गेल्याचा आवाज. मग चावणं.

पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं की हे चावणं लेझामाचं नाही. लेझामा सावकाश, चवीने खायचा. हा दुसरा माणूस तीनदा चावून गिळत होता. आणि गिळताना घशात हवा अडकल्यासारखा आवाज येत होता, उपाशी जनावराच्या येतो तसा.

मी पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू केलं. ह्या वेळी शब्द टाइप केले नाहीत. कोरा कागद घेतला आणि रेघा मारल्या: वेळ, प्रश्न, उत्तर, उत्तरानंतरचे चार सेकंद. तिसऱ्या मिनिटाला कुणाचं तरी पोट गुरगुरतं, लांबलचक. सातव्या मिनिटाला पुन्हा. हो किंवा नाही असं उत्तर मिळालेले प्रश्न एकतीस. त्यांत 'हो' बावीस, 'नाही' नऊ. बावीसपैकी वीस वेळा 'हो'नंतर चार सेकंदांच्या आत कागद वाजतो, सरकतो आणि दुसरा माणूस चावतो. नऊ 'नाहीं'नंतर एकदाही नाही. त्यांतल्या सहा 'नाहीं'नंतर कागदाचं तोंड पीळ घालून बंद केल्याचा आवाज आहे. सगळे 'नाही' पहिल्या सतरा मिनिटांत संपतात.

कॉलेजात मी पांढऱ्या उंदरांना दांडी दाबायला शिकवलं होतं. दांडी दाबली की एक दाणा. पहिल्यांदा उंदीर दांडीवर चुकून पडतो. संध्याकाळपर्यंत तो दांडीवरून पाय काढत नाही. सत्तर उंदरांचे आलेख मी हाताने काढले होते. गार्विनचा आलेख काढला तेव्हा तो त्या सत्तरांपेक्षा स्वच्छ निघाला, आणि क्षणभर, एक क्षणच, मला तो सुंदर वाटला. नंतर मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

परत येऊन शब्दांकडे पाहिलं. बावन्न मिनिटांत लेझामा एकदाही "घे" म्हणाला नव्हता, "खा" म्हणाला नव्हता, "भूक लागली का" म्हणाला नव्हता. एवढ्या बोलक्या माणसाच्या तोंडून ह्या तीन गोष्टी चुकूनही निसटल्या नव्हत्या. चुकून निसटत नाही ते मुद्दाम धरून ठेवलेलं असतं, एवढं मला कळत होतं. फक्त त्याने ते का धरून ठेवावं, हे त्या दिवशी कळलं नाही.

बुधवारी मी मिसेस क्वामिनांना प्रत दिली. सगळ्या आवाजांसकट, सेकंदांसकट.

त्यांनी ती चष्म्याच्या वरून वाचली. "हे काय आहे, डॉक्टर? 'कागदाची चुरचुर. टेबलावर कागद सरकतो. दुसरा माणूस तीनदा चावतो, गिळतो.' हा जबाब आहे की हॉटेलचं मेनूकार्ड?"

"रेकॉर्डिंगमध्ये आहे तेच लिहिलंय."

"रेकॉर्डिंगमध्ये पंखा पण असेल. तो कुठाय?"

"पंखा सगळ्या उत्तरांना सारखाच फिरतो, मिसेस क्वामिना. कागद फक्त 'हो'ला वाजतो."

त्यांनी कागद टेबलावर आपटून एकसारखे केले. "अकरा वर्षं ऑफिस चालवतेय मी. कोर्टाने एक प्रत परत पाठवलेली नाही. एक! तोंडातून येतं ते आपण लिहितो, पोरी. पोटातून काय येतं आणि ढुंगणातून काय येतं ते ज्याचं त्याला लखलाभ."

"मग खाली दाखल्यात मी कशावर सही करायची? 'ही रेकॉर्डिंगची खरी व पूर्ण नोंद आहे' असं छापलंय त्यावर."

"तो फॉर्म सरकारने छापलाय, मी नाही. जा, स्वच्छ प्रत कर. उद्या दुपारी सार्जंट न्यायला येतोय."

सार्जंट लेझामा प्रत न्यायला आला की डबल्स, म्हणजे दोन बाऱ्यांत भरलेले चणे, घेऊन यायचा, पुड्यांचं खोकं भरून. आमच्याकडे ती प्रथाच होती. सार्जंट येणार म्हणजे त्या दिवशी कुणी जेवणाचा डबा आणायचं नाही. मी स्वतः दीड वर्ष ते खात आले होते, बोटं चाटून. माणूस वाईट दिसत असता तर बरं झालं असतं. तो मिसेस क्वामिनांच्या गुडघ्याची चौकशी करायचा, आमच्यातल्या जोसेलिनच्या मुलीच्या परीक्षेची तारीख त्याच्या लक्षात असायची. हात मोठे, स्वच्छ, नखं कापलेली, अंगाला मंद अत्तराचा वास.

"काय गं डूडू," तो मला लाडाने म्हणाला, आम्हा सगळ्यांनाच तो डूडू म्हणायचा, "तोंड का पाडलंयस? प्रेमात पडलीस की प्रेमातून उठलीस?"

"पोट बिघडलंय."

"माझ्या डबल्सने बिघडलेलं पोट सुधारतं. विचार ह्यांना!" सगळ्या हसल्या. जोसेलिनच्या हनुवटीवरून चटणी ओघळत होती. त्याने एक पुडी उघडून माझ्या टेबलावर सरकवली. टेबलावरून कागद सरकल्याचा आवाज मी चाळीस-पन्नास वेळा ऐकला होता, पण हेडफोनशिवाय पहिल्यांदाच.

"नको."

"नको?" तो हसला, पुडी जवळ ओढली आणि तिच्या तोंडाला सावकाश पीळ घातला. हाही आवाज मला पाठ होता. "बरं. गार्विन साहेबांची प्रत?"

"झाली नाही अजून."

"बावन्न मिनिटांना चार दिवस?" तो मिसेस क्वामिनांकडे वळला. "फिलिप्पा, तुमची डॉक्टर कविता करतेय की काय त्याच्यावर?"

"त्यात आवाज फार आहेत," मी म्हटलं.

"आवाज?" त्याचं चावणं थांबलं नाही. "मग? आवाज तर तुम्ही काढूनच टाकता की. भिंतीवर लिहून ठेवलंय तुमच्या! ठाण्यात नवीन पोरं येतात ना, त्यांना मी हेच शिकवतो. म्हणतो, त्या बायका म्हणजे सोनं आहेत. त्यांना चांगले शब्द द्या. बाकीचं त्या साफ करून घेतात."

पुन्हा सगळ्या हसल्या. मिसेस क्वामिना पण हसल्या, पण त्यांच्या हातातला घास तोंडाकडे जायचा थांबला, आणि मग त्यांनी तो कागदावर ठेवून दिला.

तो गेल्यावर मी जुनी रेकॉर्डिंगं काढली. प्रत पोचती झाली की नव्वद दिवसांनी ती आमच्या यंत्रावरून पुसली जातात. दीड वर्षात मी लेझामाचे एकेचाळीस जबाब उतरवले होते; त्यांतली तीनच शिल्लक होती. एकात काही नव्हतं. दुसऱ्यात काडी ओढल्याचा आवाज होता, 'हो' आलं की काडी, आणि मग दोन माणसांचं धूर सोडणं. तिसऱ्यात 'हो'नंतर पेल्यात पाणी ओतलं जात होतं. 'नाही' आलं तेव्हाही ओतलं गेलं होतं, पण ते फरशीवर पडत होतं.

हा तिसरा जबाब मला आठवला. एप्रिल महिना होता, पाण्याच्या आवाजाने माझं लक्ष विचलित होत होतं, म्हणून मी तेवढ्या पट्ट्यातला आवाज कमी करून घेतला होता. यंत्रावर ती सोय आहे आणि ऑफिसात ती मला सगळ्यांत चांगली जमते. प्रतीच्या शेवटी माझी सही होती, गोल, टापटीप. मी ती सही बघत बसले. लेझामाच्या चोखण्याची मला जेवढी किळस आली होती, तेवढीच ह्या सहीची आली. कदाचित जास्त, कारण तो निदान भूक लागली म्हणून तरी खात होता.

शुक्रवारी सकाळी मी मिसेस क्वामिनांच्या टेबलावर हेडफोन ठेवले. "सहा मिनिटं ऐका. मग सांगाल ते करते."

"मला काम नाही का?"

"सहाच मिनिटं, टँटी."

टँटी, म्हणजे मावशी, असं मी त्यांना कधी म्हणत नसे. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, कानातले डूल काढले आणि हेडफोन चढवले. वर्षानुवर्षं पेडल न चालवल्यामुळे त्यांचा पाय धसमुसळा पडत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुसऱ्या मिनिटाला ओठ वाकडे झाले. पाचव्या मिनिटाला त्यांनी डोळे मिटले. सहाच्या ऐवजी त्यांनी वीस मिनिटं ऐकलं. मग हेडफोन काढले, पर्समधून रुमाल घेऊन त्यांच्या गाद्या पुसल्या, आणि मग त्याच रुमालाने स्वतःचे कान.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मी त्याच्या हातचं खातेय."

मी हेडफोनची वायर गुंडाळली.

"हे बघ. पोलिसांशी करार माझ्या नावावर आहे. मी ह्या प्रतीवर शिक्का मारणार नाही. तुला अडवणारही नाही. दाखल्यावर तुझी सही कर आणि कोर्टाच्या खिडकीत स्वतः नेऊन दे. कुणी विचारलं तर मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते."

"आणि सोमवारी मी कामावर यायचं की नाही?"

"सोमवारचं सोमवारी बघू. जा आता, नाहीतर माझा विचार बदलेल."

कबुली पुराव्यात घ्यायची की नाही, एवढ्यापुरती सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. न्यायमूर्ती गजाधर बाईंसमोर. गार्विनची वकील मिस रॉक सरकारने दिलेली, माझ्याच वयाची. तिने ठाण्याची कोठडीची वही मागवून घेतली होती. वहीत मंगळवार-बुधवारच्या चार जेवणांसमोर 'आरोपीने नाकारलं' असं एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेलं दिसत होतं, आणि चारही ठिकाणी लेझामाची सही होती.

मला साक्षीला उभं केलं. सरकारी वकील उंच आणि सभ्य होते. "मिस सीचरण, आपण ध्वनितज्ज्ञ आहात?"

"नाही."

"मानसशास्त्रज्ञ?"

"नाही. मी उंदरांना दाणे घालून शिकवलंय."

मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. वकीलही हसले. "म्हणजे आरोपी हा उंदीर आहे, असं आपलं शास्त्रीय मत?"

"नाही, साहेब. मी स्वतः दाणा टाकणाऱ्याच्या जागी बसलेय. ती बाजू मला ओळखता येते."

न्यायमूर्तींनी माझा तक्ता दोनदा उलटसुलट पाहिला. "एवढा वाद कशाला? रेकॉर्डिंग आहे ना? लावा."

कोर्टातला कर्णा जुना होता. शब्द घोगरे येत होते, पण कागद लख्ख वाजला. चुरचुर, सरकणं, चावणं. बाकांवरच्या लोकांनी तोंडं फिरवली. एका बाईने पदर धरावा तसं पर्सने नाक-तोंड झाकलं, जणू वास येत होता. लेझामा दुसऱ्या ओळीत गणवेशात बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर किळस होती, दुसऱ्या कुणाचं तरी खाणं नाइलाजाने ऐकावं लागल्यासारखी.

गार्विन पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मनगटं बारीक, शर्ट कुणाचा तरी मागून आणलेला. कर्ण्यातून कागद वाजला आणि त्याचा कंठ वर जाऊन खाली आला. तो गिळत होता. पुढच्या 'हो'नंतर पुन्हा कागद वाजला. पुन्हा कंठ हलला. तिसऱ्यांदा त्याने हाताने तोंड पुसलं आणि मग आपण काय केलं हे कळून तो हात पाठीमागे नेला. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते. दीड, एक, एक. मोजणं थांबवायचा प्रयत्न केला, थांबलं नाही.

न्यायमूर्ती बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या कागदाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. पिंजऱ्याकडे पाहत होत्या.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. "बंद करा म्हटलं ना!"

कबुली बाद झाली. तिच्याशिवाय सरकारकडे काही नव्हतं, हे सरकारी वकिलांनी स्वतःच उठून सांगितलं. गार्विनला नीट समजलं नसावं, मिस रॉकने त्याचं मनगट धरून दोनदा सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे आज? आजच?"

मला वाटलं माझं काम झालं. मी खाली उतरायला लागले.

"थांबा, मिस सीचरण," न्यायमूर्ती म्हणाल्या. "सार्जंट लेझामांचे आणखी किती जबाब तुम्ही उतरवलेत?"

"एकेचाळीस."

"त्यांत असले आवाज होते?"

"तीन रेकॉर्डिंगं शिल्लक आहेत. दोनांत आहेत. बाकीच्या अडतीसांचं सांगता येणार नाही, आमच्याकडून ती पुसली गेली."

त्यांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते मागे वळून लेझामाशी कुजबुजले आणि म्हणाले, ठाण्यातही जागा भरल्यामुळे जुनी ठेवलेली नाहीत.

"त्या दोनांतले आवाज," न्यायमूर्तींनी मला विचारलं, "प्रत करताना तुम्हाला ऐकू आले होते?"

सरकारी वकील उठले. त्यांनी सांगितलं की ह्या प्रश्नाचं उत्तर साक्षीदाराला अडचणीत आणू शकतं आणि तिने ते दिलंच पाहिजे असं नाही. तो सभ्य आवाज मला उगाच वाचवायला निघाला होता.

"आले होते," मी म्हटलं. "मी ते काढून टाकले."

न्यायमूर्तींनी एकेचाळीस नावांची यादी मागितली, सोमवारपर्यंत.

सोमवारी मी कामावर गेले. भिंतीवरची चौकट तिथेच होती, जोसेलिनने माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि पोलिसांकडून आठवडाभरात एकही रेकॉर्डिंग आलं नव्हतं. मिसेस क्वामिनांनी आवक-वही काढली, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि नावं वाचायला सुरुवात केली. त्या वाचायच्या, मी टाइप करायची. नाव, तारीख, गुन्हा, माहीत असेल तर शिक्षा. नवव्या नावावर त्या थांबल्या.

"हा गेला," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी, तुरुंगात. पेपरात आलं होतं."

"लिहू का?"

"नाव लिही. तारीख लिही. आणि गेला ते पण लिही."

मी लिहिलं. दहावं नाव त्यांनी जरा मोठ्याने वाचलं, कारण खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी रेडिओ लावला होता.